कापगते सरांची दुरुस्ती

कापगते सरांशी माझं पहिलं बोलणं झालं ते उकाड्यावरून. नव्या सत्राचा पहिला दिवस होता, वीज गेलेली होती, आणि मी अर्थशास्त्र विभागात रुजू व्हायला आलो होतो. विभाग म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सर बसले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "उकाडा फार आहे, सर."

त्यांनी मान वर केली. "कायच्या मानानं?"

"अं?"

"फार आहे म्हणता ना जी. मंग कायच्या मानानं? कालच्या? मागच्या सालच्या? का तुमच्या जवाहरनगरच्या मानानं?"

मला वाटलं, माणूस भांडकुदळ दिसतो. मी जवाहरनगरच्या क्वार्टरांत वाढलेलो. वडील फॅक्टरीत होते, आमचं सगळं आयुष्य फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचं. आमच्याकडे कुणी "उकाडा फार" म्हटलं की समोरचा "हो ना बाप्पा" म्हणतो आणि विषय मिटतो. इथे तो सुरू झाला होता.

"कालच्या मानानं," मी बचाव केला.

"काल मोजला होता?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून ते उठले आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी मला स्वतः आणून दिलं. पुढे जितकी वर्षं आम्ही त्या खोलीत समोरासमोर काढली, "मंग?" म्हणून कोंडीत पकडायचं आणि लगेच पाणी पाजायचं, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

"कायच्या मानानं?" या प्रश्नातून कोणी सुटत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा मी लाजत लाजत सांगितलं, "मुलगी चांगली आहे, सर." त्यांनी प्रश्न विचारला. मी मूर्खासारखा आधी पाहिलेल्या तीन मुलींशी तुलना करून उत्तर दिलं, आणि त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे लग्नानंतर हा किस्सा बायकोला हसत हसत सांगितला. तिने सरांना केव्हाच माफ केलं. माझी केस अजून चालू आहे. सरांच्या घरी काकूंनी मात्र बंदोबस्त करून ठेवला होता. ताट वाढतानाच म्हणायच्या, "कालच्या वांग्याच्या मानानं आजचे वांगे कसे झाले, तेवढंच सांगा. जास्त बोलू नका."

दिसायला सर ठेंगणे, सावळे. शर्टच्या खिशात दोन चष्मे, एक वाचायचा, एक बघायचा, आणि नेमका चुकीचा डोळ्यांवर. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतले कोरे राहिलेले कागद शिवून ते वह्या करत. अर्थशास्त्राच्या आमच्या विद्यार्थ्यांमुळे त्यांना वह्यांची टंचाई कधी पडली नाही. आणि आकडा लिहिण्याआधी कागदावर हळूच फुंकर मारत. धूळ असो नसो. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आकडा बसतो ना जी तिथं. जागा साफ पाहिजे."

त्यांचा विषय अर्थमिती. पुस्तकात तिची व्याख्या अर्ध्या पानाची आहे. सर वर्गात सांगायचे, "कायमुळं काय झालं, याचं भांडण आकड्याईकडून मिटवून घेणं, म्हणजे अर्थमिती. अट एकच, साक्षीदार खरं बोलला पाहिजे." या गोष्टीतला साक्षीदार मी आहे, हे आत्ताच सांगून टाकतो.

सर तलावाच्या गावचे. आमच्या भागात गावोगाव जुने तलाव आहेत, त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पिकतात. सरांचे वडील त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी सोडायचे. कोणाच्या बांधीला कधी आणि किती, हे तोंडपाठ असलेला माणूस. सर त्यांना बाबा म्हणत. बाबा म्हणायचे, तलाव आहे तोवर गाव आहे. सरांना ते मोजून बघायचं होतं. तलावाच्या पाण्यानं धान किती जास्त होतो? विहिरीवरच्या धानाच्या मानानं? तोपर्यंत तलाव गाळानं भरत चालले होते, दुरुस्तीचे अर्ज फिरत होते, आणि बाबांचं वाक्य कोणत्याही फाइलीला पुरावा म्हणून जोडता येत नव्हतं.

पाहणी आम्ही वाटून घेतली. आंधळगावकडची विहिरीवरची गावं सरांनी घेतली. अड्याळकडची तलावाची गावं माझ्याकडे आली.

"सर, तलावाचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच जा ना तिकडे," मी म्हटलं.

"म्हणूनच नाई जात. मी तलावाचा पोरगा, माझा हात तिकडं झुकंन. तुमी कोरे आहात. तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

माझ्याइतका कोरा प्राध्यापक त्यांना साऱ्या जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता, हे खरंच. धान आणि तांदूळ एकाच झाडाचे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं होतं.

चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत मी मोटारसायकलवरून गावोगाव फिरलो. खळ्यावर पोचलो की लोक म्हणत, "मोजाले टाइम आहे मास्तर, बसा." मग मी आंब्याखाली बसायचो. चहा यायचा. त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. पेपर वाचून व्हायचा, कधी डोळाही लागायचा. मग कोणीतरी हाक मारायचं, "या जी, मोजून राहिलो." मी उठायचो, पायलीनं धान मोजला जायचा, मी आकडा लिहायचो. एकही आकडा खोटा लिहिला नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि त्याचा उपयोग शून्य आहे.

सगळे आकडे संगणकात घातले आणि निष्कर्ष आला: तलावाच्या पाण्यानं उत्पन्नात म्हणावा असा फरक पडत नाही.

सर आठवडाभर तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. मग एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "देशकर, खळ्यावर सुरुवातीपासून होते ना तुमी?"

"हो सर."

"सारं मोजलं ना?"

"सगळं, सर."

आंबा खळ्यापासून पन्नास पावलांवर असेल नसेल. माझ्या हिशेबी मी खळ्यावरच होतो. सरांनी मान हलवली. बाबा एकीकडे, आकडे एकीकडे. आणि सरांनी आकड्यांची बाजू घेतली. लेख लिहिताना त्यांनी निष्कर्षाच्या ओळीआधी कागदावर दोनदा फुंकर मारलेली मी पाहिली आहे.

लेख दिल्लीच्या एका नियतकालिकात छापून आला. वर दोन नावं, आधी कापगते, मग देशकर. वर्षभरानं दुसऱ्या कोणीतरी आपल्या लेखात आमच्या लेखाचा दाखला दिला. याला सायटेशन म्हणतात, आणि आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्यावरून ठरते. सरांनी विभागात आलूबोंडे मागवले. काकूंना समजावून सांगताना माझी पंचाईत झाली.

"म्हणजे काय झालं नेमकं?" त्या म्हणाल्या.

"काकू, लांबच्या एका विद्वानानं सरांचं नाव घेतलं."

"उखाण्यात?"

"नाही, लेखात."

"एवढ्यासाठी आलूबोंडे? मी वीस वर्षं झाले घेऊन राहिली, मले तर कोणी आलूबोंडा नाई दिला."

पुढे दाखले वाढत गेले. चकित करणारा निष्कर्ष लोकांना आवडतो. जुने तलाव कुचकामी, हे ऐकायला पुष्कळ जण बसलेलेच होते. आमच्या कॉलेजच्या फाटकावर प्राचार्यांनी सरांच्या फोटोचा फ्लेक्स लावला. मजकूर माझा होता: 'जगाने दखल घेतलेले अर्थमितितज्ज्ञ'. सर सायकलवरून उतरून त्यासमोर उभे राहिले, आणि मला म्हणाले, "जग म्हणजे? एकोणीस जणं?" पण दर सोमवारी ग्रंथालयातल्या संगणकावर बसून ते नवा दाखला शोधत, आणि सापडला की त्या दिवशी सायकल हातात धरून, चालत घरी जात. मला वाटे, इतक्या साध्या माणसालाही हा एवढा एक नाद आहे. असू द्यावा.

मग बऱ्याच वर्षांनी मला अड्याळला जेवायचं बोलावणं आलं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील श्रावणभाऊ, त्यांच्या खळ्यावर. यावेळी घड्याळ चुकीचं बघितल्यानं मी दोन तास लवकर पोचलो. आयुष्यातल्या माझ्या चुकांपैकी ही एक तेवढी कामाची निघाली. धानाची रास तयार होती. मोजायला अजून वेळ होता. आणि मापाला हात लावायच्या आधी श्रावणभाऊ राशीतून टोपल्या भरभरून बाजूला काढत होते. एक ढीग कापणाऱ्यांचा. एक लोहाराचा. आणि एक चांगला मोठा.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"पाणी सोडते ना तलावाचं, त्याचा."

"हे नंतर मोजणार?"

श्रावणभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवाला शिवी दिली होती. "मोजाचं कायले? जे आपलं नाई ते आपण कायले मोजाव जी? हे सारं काढून झालं का मंग माप."

"दरवर्षी असंच?"

"आजाच्या काळापासून."

"आणि विहिरीवाल्या गावात?"

"त्यायले पाणी कोन सोडते? मोटरीची कळ दाबली, झालं. मजुरी बी पैशातच देतात."

पेपर, आंबा, चहा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी तलावाच्या प्रत्येक गावात बरोबर मोजलं होतं, पण उरलेलं. काढून ठेवलेलं सगळं माझ्या पाठीमागे निघून गेलं होतं, मी पेपर वाचत असताना. विहिरीच्या गावांत असं काही निघतच नव्हतं. म्हणून दोन्ही सारखे दिसले. सर स्वतः गेले असते तर पहिल्याच खळ्यावर त्यांना कळलं असतं. हात झुकेल म्हणून ते गेले नाहीत, आणि कोरा माणूस पाठवला.

श्रावणभाऊंकडचं जेवण मला गेलं नाही. तरी मी सरांना लगेच सांगितलं नाही. माझ्या पदोन्नतीची मुलाखत महिन्यावर आली होती आणि फाइलीत त्या लेखाचे दाखले मोठ्या अक्षरांत होते. मी महिना काढला. मुलाखत झाली, पद मिळालं. मग गेलो. हे शूरपणाचं वर्णन नाही हे मला ठाऊक आहे.

विभागात सर एकटेच होते. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं सर, सुरुवातीपासून होतात का. मी हो म्हटलं होतं. मी आंब्याखाली होतो."

मी वाट पाहत होतो की आता ते काहीतरी विचारतील, "मंग?" तरी म्हणतील. त्यांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला.

"पाणी सोडणाऱ्याचा ढीग," ते म्हणाले. "मोठा होता?"

"चांगला मोठा होता, सर."

"मी त्याच ढिगावर शिकलो जी. आमच्या घरी दुसरं काय होतं? बाबाले गावानं दिलेला धान." मग एकदम ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "म्हणजे माझ्या लेखात बाबाचंच मोजाचं राहिलं! आणि मी बारा वर्षं म्हणून राहिलो का म्हातारा चुकला. म्हातारा बरोबर होता ना, देशकर!"

आपला लेख बुडाला, आपलं नाव बुडालं, यातलं काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. वडील बरोबर निघाल्याचा आनंद होता. मी मात्र खाली मान घालून माठाकडे गेलो. त्या दिवशी पाणी मी आणून दिलं.

आनंद ओसरल्यावर मग ते घाबरले. "हा लेख कोण कोण धरून बसलं असंन?" निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन हंगाम आम्ही पुन्हा गावोगाव फिरलो. या वेळी सर स्वतः खळ्यावर सकाळपासून उकिडवे बसत आणि पहिल्या टोपलीपासून लिहीत. मला आंब्याखाली बसायला त्यांनी बंदी केली नव्हती. मीच बसलो नाही. तलावाची गावं पुढे निघाली, स्पष्ट पुढे. सरांनी दुरुस्ती लिहिली: 'पूर्वीच्या पाहणीत आमच्याकडून धान्याचा काही भाग मोजायचा राहिला.'

"सर, माझ्याकडून लिहा," मी म्हटलं.

"वर नाव दोघाईचं आहे ना? पहिला दाखला आला तवा आलूबोंडे दोघाईनं खाल्ले का नाई?"

दुरुस्ती नियतकालिकाच्या शेवटी अर्ध्या पानात आली. तिचा दाखला कोणीही दिला नाही. जुन्या, चुकीच्या लेखाचे मात्र येतच राहिले.

सर निवृत्त झाले तरी सोमवारी ग्रंथालयात यायचे, त्याच संगणकावर बसायचे. मला राहवेना. "अजून मोजताय का सर?" मी टोमणा मारला. ते बाजूला सरले. पडद्यावर एक पत्र होतं, कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या अनोळखी बाईंना लिहिलेलं: आपण आमच्या लेखाचा दाखला दिला याबद्दल आभार. तो निष्कर्ष चूक आहे. दुरुस्ती सोबत जोडली आहे. कृपया आम्हाला वापरू नये.

"प्रत्येकाला पाठवता?"

"ज्यानं नाव घेतलं त्याले सांगाले नको?"

"उत्तरं येतात?"

"चार-पाच आली. एक जण म्हणे, धन्यवाद, पण आमचं पुस्तक छापून झालं." त्यांनी पुढचा पत्ता शोधायला घेतला. सारं जग जो आकडा वाढवायला धावत होतं, तो आकडा हा माणूस एकेक करून कमी करायला बसला होता. आणि मी यालाही तोच जुना नाद समजलो होतो.

त्यांच्या गावच्या तलावाच्या दुरुस्तीची सभा लागली, तेव्हा गावानं त्यांना बोलावलं. मीही सोबत गेलो. शाळेच्या अंगणात सतरंजी, समोर खुर्चीवर एक तरुण अधिकारी. सभ्य मुलगा होता. त्यानं फाइल उघडून समजावलं की निधी थोडा आहे, आणि तलावावर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही असं अभ्यासातून दिसलं आहे. फाइलीला आमचा लेख लावलेला होता. पिवळ्या रंगानं रेघा मारलेला.

सर सतरंजीवरून उठले. "तो अभ्यास चूक आहे, साहेब."

"काका," अधिकारी मऊपणानं म्हणाला, "हा प्रोफेसर कापगतेंचा अभ्यास आहे. पुष्कळ जणांनी त्याचा आधार घेतलाय. तुम्हाला त्यांच्याहून जास्त माहीत आहे का?"

"हो जी. आता थोडं जास्त माहीत आहे."

मागून एक म्हातारी खदखदून हसली. "अगा साहेब, हाच तं वामन्या कापगते! पाणी सोडणाऱ्याचा!"

अधिकाऱ्यानं लेखावरचं नाव पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि तो उभा राहिला. "सर, पण मग... चूक कशी काय झाली?"

"मोजताना आमच्याकडून..." सरांनी सुरुवात केली. किती पत्रांत त्यांनी हे वाक्य लिहिलं होतं कोण जाणे. मला ते आणखी एकदा ऐकवेना.

"माझ्याकडून," मी उठून म्हटलं. सगळं गाव माझ्याकडे वळलं. "साहेब, तलावाची गावं मी केली. धान काढून ठेवत होते तेव्हा मी झाडाखाली चहा पीत होतो. सरांनी मला विचारलं होतं, सुरुवातीपासून होता का. मी खोटं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर आपल्या बापाला खोटं ठरवलं."

मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "अन् चहा कोनं पाजला होता मास्तर? त्याले बी धरा!" सगळं अंगण हसलं. मीही हसलो, कारण दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं.

सर माझ्याकडे वळले नाहीत. अधिकाऱ्यालाच म्हणाले, "हे बी लिहून घ्या, साहेब. चूक मी शोधली नाई. यायनंच येऊन सांगतली. नाईतर मले मरेपर्यंत पत्ता लागला नसता."

अधिकारी म्हणाला, लेखकानं स्वतः हातानं लिहून दिलं तर तो प्रस्ताव पुन्हा वर पाठवील. फाइल वर गेली. काम अजून व्हायचं आहे, पण फाइलीत नकार उरलेला नाही. सर ते बघायला राहिले नाहीत. त्याच उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी फोन केला तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या सभेच्या शेवटाची.

मला दुपारच्या एसटीनं परतायचं होतं. सर शाळेच्या पायरीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते. भोवती गाव जमलं होतं. कोणी सांगत होतं ठळक लिही, कोणी म्हणत होतं तारीख टाक. मी "येतो सर" म्हटलं. त्यांनी मान न उचलता डावा हात हलवला. गाडीत बसून मी मागे पाहिलं. ऊन पायरीवर सरकलं होतं. कागदावरची चकाकी सरांच्या डोळ्यांना टोचू नये म्हणून तो तरुण अधिकारी शेजारी उभा होता, आणि आमच्या लेखाची ती फाइल दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर धरून होता.